दोन दारांची खोली

मस्कतहून कायमचे परत आल्यावर मुबारकभाईंना एकच गोष्ट हवी होती : आतून कडी लागणारं दार. मागणं इतकं साधं, की कुणाला बोलून दाखवायचीही लाज वाटावी. अर्धं आयुष्य त्यांनी सहा जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर काढलं होतं. कुणाची पाळी सुटे, कुणाची सुरू होई. कुणीही केव्हाही आत येई, दिवा लावी, आणि ‘मुबारक, सो गया क्या?’ असं विचारून त्यांना जागं करी.

पनवेलच्या घरात दारं पुष्कळ होती, पण ती सगळी बायकोच्या, सफूराच्या राज्यातली. मुबारकभाईंचा हात पंखे, मिक्सर, इस्त्र्या यांवर बसलेला. मोहल्ल्यातले आजारी पंखे त्यांच्याकडे येऊ लागले आणि पलंगाखाली मुक्काम करू लागले. एक दिवस केर काढताना सफूराच्या केरसुणीत पंख्याचं पातं अडकलं.

“अरीबचे अब्बा, हा पलंग आहे की पंख्यांचा दवाखाना?”

“म्हणूनच म्हणतो, मागे परसात एक खोली बांधू. माझं वर्कशॉप.”

“बांधा की,” सफूरा म्हणाली आणि केरसुणी जरा जास्तच जोरात आपटली.

मुबारकभाईंना केरसुणीची भाषा कळत नव्हती. ती शिकायला घरात राहिलेलं असावं लागतं.

परसात एक विहीर होती, एक शेवगा होता, आणि त्यांच्या मधून उरलेली जमिनीची पट्टी मागच्या भिंतीला भिडत होती. भिंतीला तिथेच मोठं भगदाड. दोन हजार पाचच्या पुरात तेवढी भिंत पडली ती पडलीच. पलीकडे पद्मजाताईंचं घर. त्या वाशीला बँकेत होत्या. खोलीची मागची बाजू बरोबर त्या भगदाडावर आली, की खोलीही होईल आणि भगदाडही बुजेल. एका दगडात दोन पक्षी मारणार म्हणून मुबारकभाई दोन दिवस स्वतःवर खूश होते.

नेऱ्याचा काशिराम गवंडी आला आणि जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखून गेला. सकाळी पाहतो तर रेघा विस्कटलेल्या. मांजर असेल म्हणून त्याने पुन्हा आखल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

“चाचा,” काशिराम कमरेवर हात ठेवून म्हणाला, “खोली अजून बांदली नाय, आन् वर्दळ सुरू पन झाली हाय.”

मुबारकभाईंनी चष्मा सारखा केला. त्यांच्याच स्वयंपाकघराच्या पायरीपासून पावलं निघाली होती. ती फक्कीवरून जाऊन पांढरी झाली होती आणि भगदाडातून पलीकडे गेली होती. पलीकडून जरा मोठी पावलं अलीकडे आली होती. मांजर खासच नव्हतं.

शेजाऱ्यांना विचारलेलं बरं, म्हणून ते रीतसर रस्त्याने निघाले. गल्ली, मशीद, बेकरी असा वळसा घालून त्यांनी पद्मजाताईंची बेल वाजवली.

“अगोबाई, मुबारकभाई? सगळं ठीक आहे ना?” पद्मजाताई दचकल्या. “नाही, पुढच्या दाराने आलात म्हणून विचारलं.”

आतल्या फरशीवर पांढरी पावलं थेट ओट्यापर्यंत गेली होती. आणि ओट्याशी, पाटावर बसून, सफूरा लसूण सोलत होती.

“तू इथे?”

“मी केव्हाची आले. तुम्ही मशिदीवरून आलात वाटतं,” सफूरा म्हणाली.

मुबारकभाईंनी खोलीचा विषय काढला. पद्मजाताईंनी पदराला हात पुसले.

“पुरात आम्ही तुमच्याच माडीवर होतो. पाणी उतरल्यावर मी भिंत बांधून घेणार होते, तर भाभी म्हणाल्या, राहू दे. मग अरीबला कावीळ झाली, आमच्या वल्लरीची दहावी आली, सगळं तिथूनच चाललं. पण तुम्ही बांधा हो. आम्ही येत जाऊ की रस्त्याने.”

“रस्त्याने आणलेलं अळू निवतं,” सफूरा खाली मान घालून म्हणाली.

तिने पुढची पाकळी सोलायला घेतली. आपण मस्कतला वरच्या बंकवर दाराची स्वप्नं पाहत होतो, तेव्हा हिने इथे एक दार मिळवलं होतं, आणि त्याला कडीसुद्धा नव्हती. मुबारकभाई उठले. पुढच्या दाराकडे वळले, थांबले, आणि मागच्या दाराने बाहेर पडले. भगदाडातून येताना शेवग्याची एक शेंग कपाळाला लागली.

“काशिराम, दोन दारं काढ. एक आपल्या बाजूला, एक त्याच्या बरोबर समोर, भगदाडात.”

“चाचा, खोली बांदायची का बोगदा?”

“बोगदाच बांध. पण दोन्ही कड्या आतून हव्यात.”

कड्यांचा आग्रह धरला खरा, पण आपली खोली हातची गेली, हे त्यांना कळून चुकलं होतं. भर बाजारात, येत्याजात्या गर्दीच्या मधोमध बसून पंखे दुरुस्त करणारा कुणी पाहिला आहे का, असं त्यांना काशिरामला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

वर पत्रा पडला, रंग लागला. पलंगाखालचे रुग्ण नव्या दवाखान्यात हलले. पहिल्या दिवशी मुबारकभाईंनी हौसेने दोन्ही दारांना कड्या घातल्या आणि टेबलफॅनचं पोट उघडून बसले.

टक टक.

त्यांनी आधी फॅनकडेच पाहिलं.

पुन्हा टक टक. “मुबारकभाई, येऊ का?”

स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात तसाच राहिला. येऊ का, असं त्यांना आजवर कुठल्याच दारातून कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी उठून कडी काढली आणि ते म्हणाले, “या.”

पद्मजाताई झाकलेलं पातेलं घेऊन आल्या, वाचनालयातून जावं तशा पाय न वाजवता गेल्या. थोड्या वेळाने इकडचं दार वाजलं आणि सांदणांची थाळी घेऊन सफूरा तिकडे गेली. परत आली तेव्हा म्हणाली, “सारखं उठावं लागतं तुम्हाला. कड्या काढून ठेवा की.”

मुबारकभाईंनी टेबलफॅनच्या पात्यावर फुंकर मारली.

“राहू देत,” ते म्हणाले. “वाजवत जा.”