कुंडलिकेवरची फेरी

भाविका वाकून सासूच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होती. हौसाबाई दोन्ही हात वर धरून उभी होती, हेल्मेटखाली पदर दाबून.

"लय आवळू नको गो. श्वास तरी घेऊ दे."

"सैल चालत नाय, आई."

वरच्या वीजघरातून सकाळचं पाणी सुटलं होतं. मघापर्यंत गोट्यांमधून सरपटणारी कुंडलिका आता काठोकाठ भरून पळत होती.

आजवर भाविका दुसऱ्याच्या हाताखाली राफ्टवर जात असे. आजपासून राफ्ट तिच्या एकटीच्या ताब्यात होती. नागोठण्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला नवरा, प्रवीण, खुशीने हो म्हणाला होता. हौसाबाई मात्र अडून बसली. परक्या लोकांचे जीव घरच्या सुनेने कशाला अंगावर घ्यायचे? मी येते, डोळ्यांनी बघते आणि तुला घेऊनच घरी परत येते, असं बजावून ती आली होती; आणि काठावर थांबायचं सोडून राफ्टमध्येच चढली.

पुण्याची चार मुलं वल्ही घेऊन बसली. भाविका मागून हुकूम देत होती. सासूला मात्र ती हळूच म्हणाली, "तुम्ही नुसतं दोर धरून बसा."

पहिला उतार नीट पार पडला. दुसऱ्यावर राफ्ट आडवी झाली आणि एका अंगाने खडकावर चढली. खालची बाजू पाण्यात दबायला लागली.

"सगळे खडकाकडे सरका!"

मुलं सरकली. हौसाबाई दोराला चिकटून तशीच बसली होती.

"हौसा! खडकाकडे. आत्ता."

हौसाबाई सरकली. राफ्ट डोलली, घसरली आणि सुटली.

पुढे पाणी संथ झालं तरी भाविकाने बराच वेळ सासूकडे पाहिलं नाही. शेवटी वल्हं मांडीवर आडवं ठेवून म्हणाली, "आई, मघाशी तोंडातून..."

"नाव घेतलंस म्हणून तर कळलं, मलाच बोलतेस ते," हौसाबाई म्हणाली. "नायतर मी बसलीच असती."

मुलं एकेक करून पोहायला पाण्यात उतरली. हौसाबाईने नदीच्या वाकणाकडे पाहिलं. तिचं माहेर रोह्याच्या खाली, खाडीकाठी. पोरवयात मिठागरातलं काम संपलं की सगळ्या मुली भरतीच्या पाण्यात पडत.

"ह्येच पाणी आमच्या खाडीला जातं ना?"

"व्हय."

तिने लुगड्याचा काष्टा पुन्हा खोचला आणि कडेवरून अलगद पाण्यात उतरली. पाठीवर तरंगत, डोळे मिटून, ती राफ्टच्या बरोबरीने वाहत राहिली. भाविकाने वल्हं पाण्यात घातलं नाही.

उतरायच्या जागी शेजारचा केरू जीप घेऊन थांबला होता. ओल्या हौसाबाईला बघून हसला.

"काय वहिनी, सुनेला न्यायला आलेलात ना? बसा दोघी."

हौसाबाई पदर पिळत एकटीच जीपमध्ये चढली.

"तिला दुसरी फेरी हाय," ती म्हणाली. "चल तू. भाकऱ्या आज मी टाकते."