कोपरातले धागे

"टेनिस एल्बो," फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या आणि माझं डोकंच फिरलं.

"बाई, मी गवंडी आहे. छताला गिलावा करतो. टेनिस कशाशी खातात तेही मला ठाऊक नाही."

"मला चोरून खेळायला जात असतील," शेजारून बायको म्हणाली.

हसा! मला चहाचा कप उचलवत नव्हता. ठेकेदाराने तोंडावर सांगितलं होतं, थापी धरवत नसेल तर खाली बसून माल कालव. उभी हयात छतं गुळगुळीत केली, आता दुसऱ्यांची घमेली भरू? आणि घरात सगळे वैद्य. सासूबाई तेल चोळायच्या. धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, काडीसुद्धा उचलू नकोस." हात गळ्यात बांधून नुसता लोळत होतो. इंजेक्शनही घेतलं. थोडे दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट.

बाईंनी माझं उजवं कोपर सरळ केलं. "मधलं बोट वर धरा." आणि ते खाली दाबलं. कळ थेट कोपरात.

"बोट दाबलंत तुम्ही, बोंब तिकडे कशी?"

"बोट उचलणारा स्नायू तिथेच हाडाला बांधलाय." त्यांनी कोपराला गार मलम लावून सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. "आता बोट हलवा."

पडद्यावर करड्या रेषा होत्या, एकीला एक खेटून. बोट हललं तशा त्या सरकल्या. मी पुन्हा हलवून पाहिलं. इतकी वर्षं हा हात मी फावड्यासारखा वापरला आणि आत हे असलं विणकाम!

हाडाजवळ एक काळा डाग होता. "इथे धागे विस्कटलेत. शरीर नवे घालतंय. पण ओढ मिळाली तरच ते रांगेत बसतात. हात बांधून ठेवलात, तर त्यांना दिशा कळणार कशी?"

"मग आधी कुणी बोललं का नाही?" मी खेकसलो.

"मी आत्ता बोलतेय. पाण्याची बाटली धरा, तळवा खाली. डाव्या हाताने मनगट वर उचलायचं, उजव्याने बाटली सावकाश खाली सोडायची. सोसेल इतकं दुखू द्या. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर पाणी कमी करा. महिने लागतील."

टेबलाच्या कडेवर हात टेकून मी रोज बाटली खाली सोडायचो. दुखायचं, पण आता त्या दुखण्याची भीती वाटेना. डोळ्यांपुढे त्या रेषा यायच्या, जागा शोधत एकेक बसणाऱ्या.

ठेकेदार घरी आला. "बाटलीला झोपवतोयस होय? उद्या माल कालवायला ये."

"नाही येणार. बरा झालो की छत दे."

"आणि नाही झालास तर?"

बायकोने त्याला चहा दिला आणि दरवाजा उघडाच ठेवला.

बऱ्याच महिन्यांनी त्यानेच बोलावलं. जिन्यावरचं छत होतं, चार माणसं झोपतील एवढं. पहिली थापी मारली, माल चिकटला. कोपर कुरकुरलं. मी थांबलो, हात सैल सोडला.

"आज पुरं होईल का?" तो खालून ओरडला.

"नाही," म्हटलं, आणि दुसरी मारली.