डांबर संपतं तिथे

"अजून वेळ आहे. कळा सुरू झाल्या की या," सिस्टर म्हणाली. "तुम्ही आदिवासी बायका एकतर फार लवकर येता, नाहीतर येतच नाही. खाटा कमी आहेत, मावशी."

सासूने सुनेची चादर घडी करून पिशवीत कोंबली आणि जीपला हात केला.

जीप डांबर संपतं तिथवरच जाते. पुढे चढ, ओढा, पुन्हा चढ, मग वस्ती. गेल्या खेपेला कळा वस्तीवरच सुरू झाल्या होत्या. झोळीतून खाली आणताना ओढ्याच्या काठावरच बाळ झालं. ते रडलं नाही.

जीप वळून गेली. समोर पायवाट, बाजूला पंक्चरवाल्याचं पत्र्याचं दुकान.

"चला आत्या," सून कंबर धरून म्हणाली. "उजेड आहे तोवर ओढा गाठू."

सासू एका जुन्या टायरवर बसली. "मी नाही येत. वर गेलं तर खाली येणं होत नाही, खाली राहिलं तर ठेवून घेत नाहीत. आपण इथंच राहू."

"इथं? टायरांत?"

"का, वाईट आहेत? तुझ्या सासऱ्यापेक्षा मऊ आहेत."

सुनेला हसू आलं आणि हसता हसता दम लागला.

पंक्चरवाला पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "मागं खोली आहे. ग्रीसचा वास येतो."

"येऊ दे. पण दादा, वेळ आली तर गाडी?"

"माझी कुठली गाडी? पण पंक्चर झालेली इथं थांबतेच. ताईंना बसवल्याशिवाय चाक देणार नाही."

"देवाने बरोबर जागी बसवलंय तुम्हाला."

"देवाने कसलं? खड्ड्यांनी," तो म्हणाला आणि खोलीतले टायर बाहेर काढू लागला.

त्या खोलीत दिवस हलता हलेनात. सून छताकडे बघत पडून राही. सासू दर गाडीच्या आवाजाला उठे, पुन्हा बसे. देवाचं नाव घेता घेता तिची जीभ जड झाली.

मग एका दुपारी सुनेने पत्र्यावर हात आपटला. पंक्चरवाल्यापुढे एका टेम्पोचं चाक होतं. ड्रायव्हर घाई करत होता.

"आधी या बसतील," पंक्चरवाला म्हणाला. "मग चाक."

दवाखान्याच्या दारात सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं. "आत्ताच कळा सुरू झाल्यात आणि पोचलातही?"

"जवळच राहतो आम्ही," सासू म्हणाली.

संध्याकाळी पडद्याआड बाळ रडलं, चांगलं घसा फाडून. सिस्टर सांगायला बाहेर आली, तर सासू भिंतीला टेकून पिशवीवरच झोपली होती. सिस्टरने तिला उठवलं नाही.