शेवंतीच्या मळ्याची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. अंगावर गंज आहे, एक कान वाकडा आहे आणि पोटाला पोचे पडलेले आहेत. पण “बिचारी!” म्हणून हळहळायचं असेल, तर पुढे वाचूच नका. मी भंगारात जाता जाता पुन्हा खुंटावर चढलेली पाटी आहे. आता मला इथून उतरवून दाखवा!

नाशिकहून ओझरकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता लागतो. थोडं आत गेलं की त्याच्या तीन वाटा होतात. त्या तिठ्यावर मी उभी असते. माझ्यावर पिवळ्या रंगात ‘शेवंतीचा मळा’ असं लिहिलेलं आहे, त्याखाली बाण आणि बाणाखाली सहा आकडी पिनकोड.

जन्माने मी पाटी नव्हे. सावळीरामबाबांच्या घरातल्या धान्याच्या कोठीचा मी पत्रा. बाबांच्या मुलाचं, सहादूचं लग्न नामपूरच्या मैनाशी ठरलं. नवरीकडचं वऱ्हाड ट्रकने आलं, तिठ्यावर थबकलं आणि सनई ऐकून डाव्या वाटेने शेजारच्या मळ्यात शिरलं. तिथेही त्या दिवशी लग्नच होतं! पाहुण्यांच्या हातावर पाणी पडलं, पंगत बसली. नवरीच्या मामाने दुसऱ्यांदा लापशी मागून घेतली आणि मग विचारलं, “नवरदेव कुठं हाय?” समोर आला तो भलताच नवरदेव. इकडे सहादू मुंडावळ्या बांधून रस्त्याकडे डोळे लावून बसला होता.

बाबांना ते फार लागलं. “आपलं वऱ्हाड लोकाच्या पंगतीला जेवलं! आपल्या मळ्याला नाव नाय का?” म्हणाले, आणि जुन्या कोठीचा पत्रा कापून नाशकातल्या द्वारका चौकातल्या पेंटरकडे गेले. नाव लिहून झाल्यावर त्याला म्हणाले, “सरकारी आकडा बी टाक रे. नाव माणसाला, आकडा टपालाला.”

हे ध्यानात ठेवा मित्रांनो. मी आकड्यांची वैरीण असते, तर ते सहा आकडे छातीवर मिरवले असते का?

मैना आणि मी एकाच वर्षी या मळ्यात आलो. ती पहाटे फुलं तोडायची आणि टोपल्या घेऊन टेंपोची वाट बघत माझ्या पायाशी बसायची. माहेरची आठवण आली की रडायचीही तिथेच. हळूहळू मळ्यातल्या सगळ्या भाऊबंदांचा पत्ता मीच झाले. पाहुणा असो, गॅसवाला असो की शाळेची गाडी, सगळ्यांना एकच सांगणं, “पाटीपाशी या, घ्यायला येतो.” दसऱ्याला घरात औत-खुरप्यांची पूजा झाली की मैना शेवंतीचा हार घेऊन माझ्याकडे यायची. मीही त्या घरातलं राबणारं अवजारच होते ना!

मग तो नवा कोड आला. देशाची सगळी जमीन चौकोनांत कापायची आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण द्यायची. मैनाचा मुलगा शेखर ओझरला कारखान्यात नोकरीला. त्याने मळ्यातल्या सगळ्यांना माझ्यापाशी गोळा केलं.

“देशाला एकच पत्ता-पद्धत पाहिजे,” तो म्हणाला. “नाशकात शेवंतीचे मळे किती आहेत, माहितीये? पार्सलवाला रोज डोकं खातो. प्रत्येकाने आपल्या पत्त्यावर उभं राहायचं, मोबाइलवर कोड बघायचा आणि दारावर पाटी लावायची. ही गंजकी काढून टाकू.”

“काढायची कशापायी?” मैनाने विचारलं. “तुझा कोड बी राहू दे, ही बी राहू दे.”

“आई, आता नावाची गरजच नाही!”

“कोडाला हाक कोण मारील रे?”

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण माझं ऐकतो कोण?

आणि आता या शहाण्यांची गंमत ऐका. ‘आपल्या पत्त्यावर उभं राहा’ म्हटल्यावर घरटी एकेक माणूस मोबाइल घेऊन कुठे आला? माझ्याखाली! जन्मभर पत्ता म्हणजे पाटी. घरापाशी रेंज तुटते, इथे चांगली मिळते. कुणाला वावगं वाटलंच नाही. खुद्द शेखरनेही आपला कोड माझ्याच सावलीत उभं राहून घेतला. ज्याने त्याने सवडीने निळी पाटी रंगवून आणली आणि दारावर ठोकली. दहा अक्षरांचा तो गुंता शेजाऱ्याच्या दारी जाऊन कोण वाचणार? सगळ्या घरांवर एकच कोड लागला, तो माझ्या खुंटाचा.

मग मला उतरवलं. भंगारवाला उचलणार इतक्यात मैना आडवी आली. रागाने तिच्या तोंडी माहेरची बोली आली, “ती पाटी मनी शे! माझी हाय ती! हात लावशील तर बघ!” शेखरने नाइलाजाने मला घरामागच्या हौदावर पालथं टाकलं. शेवाळाच्या वासात नाव खाली करून पडले होते. मला संताप येत होता, खोटं कशाला सांगू?

दसऱ्याचा आदला दिवस होता. मळ्यातली झाडून सगळी माणसं फुलं घेऊन नाशकात विकायला बसली होती. शेखर कामावर. घरी फक्त मैना आणि शेखरची बायको छाया. सकाळी शेवंती तोडताना मैनाच्या पायाला साप चावला.

छाया धीराची. तिने सासूला हलू दिलं नाही, ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि दारावरचा कोड वाचून दाखवला. आता खरं ते सांगते. तो कोड गाडीला शहरातून एकही वळण न चुकता घेऊन आला. मला ते जमलं नसतं. पण आणलं कुठे? माझ्या रिकाम्या खुंटापाशी! तीन वाटा, माणूस नाही, काणूस नाही.

छायाचा फोन वाजला. “मॅडम, आम्ही पोचलोय. घर कुठंय?”

“अहो, उजवीकडची...” एवढ्यात रेंज तुटली.

सायरन ऐकू येत होता, पण डोक्याएवढ्या मक्यापलीकडे काही दिसत नव्हतं. धावत जावं, तर मैनाच्या पापण्या मिटत चाललेल्या, बोलणं जड झालेलं. सायरन डाव्या वाटेने दूर जाऊ लागला. हो, त्याच वऱ्हाडाच्या वाटेने!

छायाने इकडे तिकडे पाहिलं आणि मला उचललं. हौदाच्या कठड्यावर चढून तिने मला डोक्यावर धरलं आणि विळ्याच्या मुठीने बडवायला सुरुवात केली. मित्रांनो, मी वाजले! कोठीचा जुना जाड पत्रा मी, सारा मळा दणाणून सोडला. पोटात पोचे पडत होते आणि मी मनात म्हणत होते, मार पोरी, आणखी जोरात मार! माझ्यासोबत आलेली बाई अशी जाऊ द्यायची नाही!

सायरन थांबला. मग वळला. मक्यावरून आधी लाल दिवा दिसला आणि मागोमाग गाडी अंगणात आली.

मैना वाचली. त्या संध्याकाळी शेखर दवाखान्यातून कपडे न्यायला आला, तेव्हा त्याने उंबऱ्यावर उभं राहून मोबाइल पाहिला. दारावरच्या पाटीपेक्षा कोडाची शेवटची अक्षरं वेगळी निघाली. त्याने मला धुतलं आणि अंधार पडायच्या आत तिठ्यावर नेऊन ठोकलं. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी फिरून त्याने प्रत्येकाला स्वतःच्या उंबऱ्यावर उभं करून नवा कोड घ्यायला लावला. बरं केलं. देशाला कोड हवा, जरूर हवा. पण कोड आला म्हणून गावाची नावं खुंटावरून उतरवू नका. आणि आपला पत्ता सांगण्याआधी आपल्या दारात उभे राहायला शिका!

मैना घरी आली तेव्हा दसरा उलटून गेला होता. तिने गाडी तिठ्यावर थांबवायला लावली आणि छायाच्या खांद्याला धरून उतरली. शेखर घाईघाईने म्हणाला, “आई, पेंटरला सांगतो. पोचे ठोकून सरळ करील, नवा रंग देईल.”

मैनाने माझ्या पोचांवरून हात फिरवला.

“रंग दे,” ती म्हणाली. “पण पोच्यांना हात लावायचा नाय. माझ्यापायी पडलेत ते.”