आडव्या झाडावरची उभी अळंबी

रेआल स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला, असं मुकादम हॅस्केल गावभर सांगत सुटला होता. लाकूडतोडीच्या हद्दीत बर्चचं एक झाड म्हणे कित्येक वर्षं आडवं पडलं होतं. रेआलने ते धड बघितलं नाही, त्याला अडखळून आपटला, दोन मणके मोडले, डोक्याला मार बसला. चूक कुणाची, तर त्याचीच. हे कानावर आलं की ओडीलच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बावीस वर्षं तिच्या भावाने अमेरिकेतल्या या मेन राज्याच्या जंगलात करवत चालवली, अंगावर कधी ओरखडा नाही, आणि आता म्हणे लाकडाला अडखळला.

त्यात रेआललाच काही आठवत नव्हतं. सकाळी कुट्टूची धिरडी आणि घेवडा खाऊन निघालो, एवढंच तो सांगायचा. हॅस्केल डोनटचा खोका घेऊन इस्पितळात गेला, गोड गोड बोलला आणि ‘हलगर्जीपणा माझाच’ अशा कागदावर त्या भोळ्या सांबाची सही घेऊन आला. वर रेआलनेच त्याची माफी मागितली, तुमच्या कामाचा खोळंबा झाला म्हणून. हे कळलं तेव्हा ओडीलने हातातला कप असा आदळला की त्याचा कान तुटला.

शुक्रवारी सरकारी तपासनीस आल्या, प्रेस्टन नावाच्या. ओडील बोलावणं नसताना त्यांच्या मागोमाग जंगलात गेली. हॅस्केलने तोंड वाकडं केलं.

“बाई, तुमचं काय काम इथे?”

“भाऊ माझा मोडलाय. अजून कसलं काम लागतं?”

बर्च तिथेच पडला होता, अंगभर अळंबी घेऊन. छत्रीसारखी नव्हे, खोडाला फळीसारखी चिकटून वाढणारी, लाकडाइतकी टणक, दरवर्षी खालून नवा थर धरणारी. हॅस्केलने एक तोडून प्रेस्टनबाईंच्या हातात दिली.

“हे बघा मॅडम, पडलेल्या लाकडावर अळंबी येते हे शेंबडं पोरही सांगेल. थर मोजा. नऊ आहेत. नऊ वर्षं हे झाड इथे लोळतंय, ते कुणाच्या अंगावर पडेल कसं?”

प्रेस्टनबाईंनी थर मोजले, मान हलवली आणि लिहायला घेतलं. तो कागद पुरा झाला की रेआल जन्मभर निष्काळजी ठरणार होता, आणि सगळ्यात आधी स्वतःच्या नजरेत. ती खोडापाशी गुडघे टेकून बसली. चूल पेटवायला हीच अळंबी वडिलांबरोबर तिने पोत्यांनी गोळा केली होती. तिने एकीवर हात ठेवला आणि तिचं डोकंच फिरलं.

“लिहू नका, मॅडम. ही सगळी उभी का आहे ते आधी या माणसाला विचारा.”

“उभी म्हणजे?”

“ही अळंबी कायम जमिनीला समांतर, सपाट वाढते. पाठ आभाळाकडे, पोट खाली. पोटातून तिची बियांसारखी पूड गळते, ती खाली पडायला नको का? झाड आडवं झालं तरी नवी येते ती सपाटच येते. आणि ही बघा, मांडणीत ताटं लावावीत तशी उभी. एक तरी सपाट दाखवा मला.”

प्रेस्टनबाई खोडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून बघत गेल्या. दुसऱ्या बाजूने परत आल्या. सपाट एकही नव्हती.

“ही सगळी झाड उभं असतानाच आली. नऊ वर्षं ते उभ्याउभ्या कुजत होतं,” ओडील म्हणाली, “आणि आत्ता पडलंय. माझ्या भावावर.”

“मग त्याला डोळे नव्हते?” हॅस्केल उखडला. “मेलेलं झाड ते. दोन वर्षं मी स्वतः बघतोय डुलताना.”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. प्रेस्टनबाईंनी शांतपणे विचारलं, “मग धोक्याची फीत कुठेय?” असल्या झाडाला फीत बांधायची आणि ते पाडल्याशिवाय खाली माणूस पाठवायचा नाही, हा नियम. पण पाडायचं म्हणजे कामाचा एक दिवस मोडला असता.

“दोन वर्षं बघतोस,” ओडील आता अहो-जाहोवर राहिलीच नाही, “आणि माझ्या भावाला त्याच्याखाली पाठवतोस? वर त्याचीच सही घेतोस? लाज कशी वाटली नाही रे तुला?”

प्रेस्टनबाईंनी लिहिलेलं पान खोडलं आणि नवीन घेतलं.

तिथून ओडील थेट इस्पितळात गेली. तिने रेआलला सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोनदा सांगितलं. “तू अडखळला नव्हतास. कळलं?”



“मग मी त्याची माफी कशाला मागितली गं?”

ओडीलने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. “चालायला लागलास की दोघं जाऊ आणि परत घेऊन येऊ ती.”

“नाही चालणार मी. डॉक्टर सकाळी सांगून गेले.”

ओडीलने त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

“मग त्याला इथे आणते,” ती म्हणाली, आणि कोट चढवून निघाली.