वॉल्टरला लिहिलेलं पत्र

आशुतोषला जाऊन आठ महिने झाले, तेव्हा नंदकुमार पेडणेकरांनी अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या एका वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडलं. आयुष्यात ज्या माणसानं दिवाळीच्या टिकल्यांचं पिस्तूलही हातात धरलं नव्हतं, तो नेरूळच्या फ्लॅटमध्ये, मुलाच्या जुन्या टेबलाशी बसून रायफलींच्या गप्पा वाचू लागला.

आशुतोष तिकडे पुलांची डिझाइनं करायचा. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी तो शहराच्या चौकातल्या भाजीबाजारात गेला आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून एका माणसानं त्या बाजारावर गोळीबार केला. नऊ माणसं गेली. नंतर पोलिसांनी सांगितलं, की त्या माणसाच्या रायफलीला मागे एक प्लॅस्टिकची वस्तू बसवलेली होती. तिला बम्प स्टॉक म्हणतात. ती लावली की साधी रायफल मशीनगनसारखी चालते. दुकानात कुणालाही मिळायची, कायद्यानं.

डिसेंबरात तिकडच्या सरकारनं त्या वस्तूवर बंदी जाहीर केली. ज्यांच्याकडे असेल त्यांनी नव्वद दिवसांत ती मोडून टाकावी किंवा जमा करावी. टीव्हीवर बातमी आली तेव्हा संध्याबाई ताटं वाढत होत्या. हातातला डाव तसाच धरून त्या म्हणाल्या, "अहो, ज्यांच्या घरात ती वस्तू आहे ना, ते लोक काय म्हणतात ते बघा. त्यांना कळलं असेल का, आपल्या आशूचं?"

संध्याबाई देवगडकडच्या, मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजीशी त्यांची ओळख साबणाच्या वेष्टनापुरती. नंदकुमारांची मात्र सगळी हयात उरणच्या बंदरातल्या एका कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार करण्यात गेली होती. म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं.

पहिल्या दिवशी त्यांनी जे होतं ते वाचून दाखवलं. 'एका वेड्यानं गुन्हा केला, शिक्षा आम्हा पाच लाखांना.' 'पावती आहे माझ्याकडे, चोरी नाही केली. या घ्यायला, बघतो.' 'आज हा प्लॅस्टिकचा तुकडा, उद्या बंदूक, परवा घर.' एकानं लिहिलं होतं, 'मेलेल्यांच्या आईबापांबद्दल वाईट वाटतं. पण त्यांचं दुःख माझ्या कपाटाला कुलूप लावू शकत नाही.'

नंदकुमार इथं थांबले. पण वाचून झालं होतं.

संध्याबाईंनी ताट तसंच सरकवलं आणि त्या उठल्या. दोन दिवस त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. खारघरहून मुलगी वैदेही आली, जवळ बसली, रडली, पुन्हा महापेला ऑफिसला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी संध्याबाईंनी विचारलं, "आज काय म्हणतात?"

नंदकुमार स्क्रीनकडे बघत होते. तिथं कुणीतरी लिहिलं होतं, की नव्वद दिवसांनी कुणी विचारायला आलं तर सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं: आमची तळ्यात पडली. खाली हसण्याच्या खुणांची रांग होती.

"एक म्हातारा आहे," नंदकुमार म्हणाले. "वॉल्टर नावाचा. त्यानं ती वस्तू करवतीनं कापली म्हणतो. आपल्या गॅरेजमध्ये. नऊ माणसांची नावं पेपरात वाचली होती त्यानं."

"नावं वाचली? आशूचं पण?"

"आशूचं पण. नीट उच्चारता आलं नाही म्हणतो."

संध्याबाई खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी त्या वाटीभर भात जास्त जेवल्या.

इतक्या सहज ते खोटं तोंडातून निघालं, की नंदकुमारांना स्वतःचीच भीती वाटली. पण दुसऱ्या दिवशी संध्याबाईंनी चहाबरोबरच वॉल्टरची चौकशी केली आणि मग माघार घ्यायला जागा राहिली नाही. वॉल्टरला बायको नव्हती, चार वर्षांपूर्वी गेली. त्याच्या घरामागे सफरचंदाची झाडं होती. गुडघे दुखायचे. त्याच्या मित्रांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ती वस्तू कापली म्हणून. एकदा वॉल्टर म्हणाला, की मुलांना लांब पाठवायची घाई आपणच करतो, आणि मग फोनची वाट बघत बसतो.

"त्याचा मुलगा कुठे आहे?" संध्याबाईंनी विचारलं.

"लांब," नंदकुमार म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

वैदेहीनं एकदा बापाला जिन्यात गाठून विचारलं, "बाबा, आई जरा सावरलेली वाटते. काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं. बातम्या वाचून दाखवतो."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याबाई आंघोळ करून, केस पुसत, टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मला वॉल्टरला पत्र लिहायचंय. मी सांगते, तुम्ही इंग्रजी करा. मात्र माझंच लिहा हां, कचेरीतलं नको."

त्या बराच वेळ सुरुवातीलाच अडल्या. परक्या पुरुषाला काय म्हणायचं? शेवटी भाऊ ठरलं. मग त्या थांबत थांबत सांगत गेल्या.

'वॉल्टरभाऊ, तुम्ही ती वस्तू कापलीत हे ह्यांनी मला वाचून दाखवलं. तुम्ही आमच्या आशूला पाहिलं नाहीत. तो उंच होता. आमच्या मोरीच्या दारातून जाताना वाकायचा, तरी महिन्यातून एकदा डोकं आपटायचंच. त्याला भरली वांगी आवडायची नाहीत, पण मी केली की काही न बोलता खायचा. तिकडे गेल्यावर भाजी आणायला शिकला. इथं असताना कोथिंबीर आणि मेथी त्याला सारखीच होती. मी त्याला फोनवरून शिकवलं नसतं, तर तो बाजारात गेला नसता असं मला वाटतं. तुमच्या देशात माझ्या ओळखीचं आता कुणी नाही. तुम्ही आहात तेवढे. मित्र बोलत नसतील तर बोलू नका म्हणावं. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावा.'

नंदकुमारांनी तीस वर्षांत हजारो पत्रं लिहिली होती. जहाजं उशिरा येण्याबद्दल, माल भिजण्याबद्दल. या बारा वाक्यांना त्यांना पूर्ण दिवस लागला. मेथी आणि कोथिंबिरीपाशी तर ते उठून गॅलरीत जाऊन आले.

आता हे पाठवायचं कुठे? फाडून टाकणं त्यांच्याच्यानं झालं नाही. संध्याकाळी त्यांनी ते पत्र त्या वेबसाइटवर ठेवलं आणि वर चार ओळी लिहिल्या: 'माझा मुलगा त्या बाजारात मारला गेला. तुम्ही लिहिता ते माझ्या बायकोला सहन होईना, म्हणून मी वॉल्टर नावाचा माणूस बनवला. इथं असा कुणी नाही, हे मला माहीत आहे. पण पत्र खरं आहे. ते कुणाकडे तरी असावं म्हणून इथं ठेवतो.'

सकाळपर्यंत दोनशे उत्तरं आली होती. बरेच जण म्हणत होते, हे बंदीवाल्यांचं नाटक आहे. कुणी मृत्यूचा दाखला मागितला. कुणी लिहिलं, 'तुमच्या मुलासाठी प्रार्थना करतो, पण माझं मत बदलणार नाही.' एका बाईनं फक्त लिहिलं, 'माझाही मुलगा दारातून वाकून येतो.' त्यानंतर ती कधी काही बोलली नाही.

आणि डेल नावाच्या एका माणसाचं लांबलचक उत्तर होतं. नंदकुमारांना तो माहीत होता. पहिल्या दिवसापासून बंदीविरुद्ध सगळ्यांत जास्त चिडून लिहिणाऱ्यांतला तो. त्यानं लिहिलं होतं:

'माझ्याकडे दोन आहेत. शनिवारी भावाच्या शेतावर आम्ही बाटल्या उडवायचो, हसायचो. त्यात मला कधी काही वाईट दिसलं नाही. मी त्या शेवटच्या दिवशी जमा करीन, कारण मला एक मुलगी आहे आणि मला तुरुंगात जायचं नाही. पटलं म्हणून नव्हे. मला अजूनही राग आहे, आणि तो लपवून मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. तुमच्या पत्नीचं पत्र मी तीनदा वाचलं. मी वॉल्टर नाही. कृपा करून मला वॉल्टर म्हणून त्यांना दाखवू नका. त्यांनी इतकं खरं लिहिलंय आणि ते खोट्या पत्त्यावर आलंय. हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि तो माणूस मी नाही.'

नंदकुमारांनी ते वाचून लॅपटॉप मिटला. ज्या माणसाच्या नावानं त्यांनी दोन महिने मनातल्या मनात तळतळाट केला, तो त्यांच्यापेक्षा सरळ निघाला होता.

संध्याबाई स्वयंपाकघरात खाली बसून कोळंबी सोलत होत्या. नंदकुमार दारात उभे राहिले. "संध्या, वॉल्टर नाही."

"म्हणजे? गेला?" त्यांचा हात थांबला.

"नव्हताच. मी बनवला."

त्यांना अर्थ लागायला वेळ लागला. सफरचंदाची झाडं, गुडघे, करवत, एकेक विचारत गेल्या. प्रत्येकाला नंदकुमार "नाही" म्हणत गेले.

"मग आशूचं नाव? ते वाचलं होतं ना कुणी?"

"माहीत नाही. वाचलं असेल."

"आणि ते मुलांना लांब पाठवायचं? घाई करतो म्हणाला ते?"

 आशुतोषला इथं वाशीत नोकरी लागत होती. 'परदेशी जा, इथं काय ठेवलंय,' असं चार महिने त्याच्या मागे लागून त्यांनीच त्याला पाठवला होता.

"ते तुमचं होतं," संध्याबाई म्हणाल्या. "अहो, आठ महिने तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. हॉस्पिटलचे कागद, विमानाचे कागद, एवढंच बोललात. मी वाट बघत होते. आणि बोललात ते असं, दुसऱ्याच्या तोंडून? मला तो गोरा म्हातारा कशाला हवा होता? तुम्ही होतात ना घरात!"

त्यांनी हात धुतले, वैदेहीला फोन केला आणि चार साड्या पिशवीत भरून त्या खारघरला निघून गेल्या. सोललेली कोळंबी कट्ट्यावर राहिली. नंदकुमारांना ती शिजवता येत नव्हती. त्यांनी ती शेजारच्या रंगूबाईंना नेऊन दिली.

वीस दिवसांनी त्या परत आल्या. वैदेहीनं समजावलं म्हणून नव्हे. सोसायटीच्या गेटमधून एकट्याच आल्या, पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "तिकडे झोप येत नाही." त्यावर नंदकुमार आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलले. वाशीच्या नोकरीबद्दल बोलले, विमानतळावर मुलाला नीट मिठीसुद्धा मारली नाही, हात मिळवला, त्याबद्दल बोलले. संध्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तुमची चूक नाही, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

मार्चच्या शेवटी मुदत संपली. काहींनी तोडलेल्या तुकड्यांचे फोटो टाकले, कित्येकांनी ठरल्याप्रमाणे तळ्याचं उत्तर दिलं. डेलनं एकच ओळ लिहिली: 'दिल्या.' नंदकुमारांनी त्यानंतर ते पान उघडलं नाही.

पाच वर्षं गेली. वैदेहीला मुलगी झाली. संध्याबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मग चोवीस सालच्या जूनमध्ये, एका शनिवारी सकाळी, मोबाइलवर बातमी आली. तिकडच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली होती. न्यायमूर्तींचं म्हणणं, की ती वस्तू लावली म्हणून रायफल कायद्याच्या व्याख्येत मशीनगन ठरत नाही. सरकारी खात्याला अशी बंदी घालायचा अधिकारच नव्हता.

नंदकुमार जेवणापर्यंत गप्प राहिले. जेवणानंतर त्यांनी सांगितलं.

संध्याबाईंनी उचललेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा दुकानात मिळणार?"

"मिळणार. काही राज्यांत नाही, पण बाकीकडे मिळणार."

"ते खूश असतील."

"असतील."

बाहेर बांधकामावर कुठेतरी लोखंड कापत होते. तो आवाज थांबेपर्यंत त्या थांबल्या. "एक विचारू? त्या वेळी विचारलं नाही. त्या वस्तूनं गोळ्या किती वेगानं सुटतात हो?"

"सेकंदाला आठ-नऊ."

त्यांनी ओठ हलवून काहीतरी मोजलं. "मग आशूला पळायला मिळालं असेल का? आवाज ऐकून तरी?"

नंदकुमारांकडे कागद होते. पोलिसांचा अहवाल त्यांनी एकट्यानं वाचला होता, कपाटात सगळ्यांत खाली ठेवला होता. आशुतोष जिथं उभा होता तिथंच पडला होता, हातात पिशवी तशीच. पळाला असेल गं, चार पावलं तरी, असं म्हणायला जीभ उचलली गेली होती. सहा वर्षं ते स्वतःलाही तेच सांगत आले होते.

"नाही," ते म्हणाले. "वेळच नव्हता, संध्या. त्याला कळलंही नसेल."

संध्याबाईंनी मान हलवली. मग तोंडाला पदर लावायचाही विसरून त्या मोठ्यानं रडायला लागल्या, सहा वर्षांत नवऱ्यासमोर पहिल्यांदा. नंदकुमार उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी काही समजूत घातली नाही. तेही रडत होते.