परसातला शनी

तिपाईचा एक पाय गोठ्याच्या जोत्यावर आणि दोन मातीत, अशी दुर्बीण उभी करून ज्ञानेशनं सगळ्यांना दम दिला.

"हा स्क्रू ढिला आहे. नुसता डोळा लावायचा. हात कुणी लावायचा नाही."

"नवीकोरी वस्तू आन् स्क्रू ढिला," सुभद्राबाई बाजेवरून म्हणाल्या. "लग्नाचं वय निघून चाललं, आन् ह्यो नळी घिऊन बसलाय."

ज्ञानेशला हे पाठ होतं. तो तळेगावच्या कंपनीत इंजिनियर, पुनावळ्यातल्या जुन्या घरात आईबरोबर राहणारा. गोठ्यात म्हशींच्या जागी आता त्याची कार उभी असायची. परसाच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उठले होते, आणि त्यांच्या मधून जेवढं आभाळ उरलं होतं तेवढंच त्याच्या कामाचं. चंपाषष्ठी म्हणून बहीण जयमाला आणि मेहुणे रणजीत देहूरोडहून जेवायला आले होते. चार महिने सोडलेलं वांगं आज घरात आलं होतं. भरीत आणि रोडगे चापून सगळे मागच्या परसात येऊन बसले होते.

आधी चंद्र झाला. षष्ठीची कोर एवढी झगझगीत होती की रणजीतलाही तिचा उजेड कळला. तो म्हणाला, "वा, लई खड्डे हायेत राव, आपल्या चाकण रोडसारखे." सगळे हसले. ते निभावलं.

मग ज्ञानेशनं नळी वर वळवली, बराच वेळ गुडघ्यावर बसून खटपट केली आणि म्हणाला,

"सापडला. शनी. कडं यंदा आडवं झालंय, बारीक रेघेसारखं दिसतंय. मण्यात सुई खुपसावी तसं. या दाजी, तुम्ही पहिले."

"मला नको राव," रणजीत म्हणाला. "साडेसाती चालू हाय माझी."

जयमालानं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. शनिवारी मारुतीला तेल घालायला निघालेल्या आईला 'शनी काय रॉकेलवर चालतो का' म्हणणारा हा माणूस. त्याला एकदम साडेसाती कुठून आठवली?

"जावईबापू, तुमी खुशाल बगा," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः मात्र दुर्बिणीकडं पाठ करून डोक्यावरचा पदर पुढं ओढला होता. "शनीच्या नजरंला नजर द्यायची न्हाई, ती आमा बायकांनी. पर पयला मान जावयाचाच."

रणजीत जागचा उठेना. त्याला कारण होतं, आणि ते त्या परसात त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या आधीपासून त्याच्या उजव्या डोळ्यासमोर राखाडी डाग येऊन बसला होता. ज्याच्याकडं नीट पाहावं तेच नेमकं त्या डागात जायचं, कडेकडेचं दिसायचं. चाकणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेमुळं आतल्या पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, तोवर गाडी चालवू नका. डोळ्यात सुई म्हटल्यावर तो जो तिथून उठला, तो परत गेलाच नाही. आणि डावा डोळा लहानपणापासूनच अधू. कंपनीच्या दर मेडिकलला तो उजव्या डोळ्यानं अक्षरं पाठ करून घ्यायचा आणि डाव्याच्या वेळी तीच घडाघडा म्हणायचा.

तो फोर्कलिफ्ट चालवायचा. अख्ख्या गोदामात आपल्याएवढा साफ हात दुसऱ्याचा नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि ते खोटंही नव्हतं. पण परवा त्याच फोर्कलिफ्टचे दात सोबत काम करणाऱ्या गणराजच्या पायापासून हातभर अंतरावर येऊन थांबले. "भावा, झोपलास का काय?" गणराज हसून म्हणाला. रणजीतही हसला. रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही, पण सकाळी तो शिफ्टला गेलाच. पुढच्या आठवड्यात पुन्हा मेडिकल होतं. गाडीवरून खाली उतरवलं तर या वयात काय करायचं, गोदामात झाडू मारायचा?

"चला की दाजी," ज्ञानेश म्हणाला.

तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली. ज्ञानेश "आलोच" म्हणत आत पळाला.

रणजीत उठला. अंधारात वाकताना त्याचा गुडघा तिपाईला लागला आणि नळी जराशी करकरली. त्यानं उजवा डोळा लावला. राखाडी धुकं होतं. त्याला ते आता सवयीचं होतं. त्यानं डावा लावून पाहिला; त्यातही तेच, फक्त पातळ. मान अवघडेपर्यंत तो तसाच वाकून राहिला, कारण शनी बघायला माणसाला किती वेळ लागतो याचा त्याला अंदाज नव्हता.

"दिसला का वो?" जयमालानं विचारलं.

"दिसला की. कडं बी दिसलं. बारीक रेघ, मधे मणी." तो बाजूला झाला. "झकास हाय."

जयमाला पुढं झाली. तिनं पदर खोचला, वाकली, डोळा लावला. वाकली ती वाकलीच. रणजीत बाजेच्या कडेला टेकला आणि उगाचच सासूबाईंना यंदा शेवग्याला शेंगा किती लागल्या ते विचारू लागला.

"दिसला का गं तुला?" सुभद्राबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

जयमाला सरळ झाली. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग पुन्हा एकदा नळीकडं.

"दिसला," ती म्हणाली. "हे म्हणत्यात तसाच. मधे मणी."

ज्ञानेश कुरियरचा खोका घेऊन परत आला. खोका बाजेवर टाकून त्यानं डोळा लावला आणि ओरडलाच.

"अरेच्या! ही तर टॉवरवर लागलीय! समोर ड्रेनेजचा पाइप दिसतोय, पाइप! कुणी हात लावला?"

"बगा," सुभद्राबाई पदराआडून म्हणाल्या, "शनीनंच त्वांड फिरवलं."

"तायडे, तुला मग काय दिसलं? पाइप?"

"शनी दिसला," जयमाला म्हणाली. "बघून झाल्यावर माझाच धक्का लागला. तू पुन्हा लाव ना, मला काय विचारतोस?"

बाजेवर बसलेल्या रणजीतनं गुडघ्यावर हात ठेवला. धक्का कुणाचा लागला होता ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा गुडघा अजून हुळहुळत होता. जयमाला एवढा वेळ पाइपच बघत होती, आणि आपला नवराही पाइप बघूनच मणी नि रेघ सांगत सुटला, हे तिला तिथंच वाकल्या वाकल्या कळलं होतं. तो तिच्या बोलण्याची वाट बघत राहिला. ती आईबरोबर उरलेले रोडगे फडक्यात बांधायला आत निघून गेली.

निघताना गल्लीत त्यानं स्कूटरला चावी लावली. जयमाला मागं बसेना.

"सरका मागं," ती म्हणाली.

"का? हायवेला लागायचंय."

"म्हणूनच."

तो मागं सरकला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोच्या मागं बसायची वेळ कधी आली नव्हती. पाय कुठं ठेवायचे हेसुद्धा त्याला चाचपून बघावं लागलं. स्कूटर सर्व्हिस रोडला लागली. शेजारून ट्रक जात होते आणि त्यांच्या वाऱ्यानं स्कूटर हलत होती.

"कुठला?" तिनं मान न वळवता विचारलं.

"काय कुठला?"

"डोळा."

आणखी एक थाप मारता आली असती. त्याच्या जिभेवर आलीही होती.

"उजवा," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीपासनं."

तिनं हुंकार दिला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "म्हंजे डाव्यानं भागवताय. तरी मी म्हनलं, चहाचा कप खाली ठेवताना चाचपडताय का."

"जयमाला, डावा पहिल्यापासनंच न्हाई. लहान होतो तवापासनं."

स्कूटर हळू झाली. तिनं ती कडेला, एका बंद टपरीपुढं घेतली आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. इंजिन चालूच होतं. येताना हाच माणूस गाडी चालवत होता, आणि आपण मागं बसून त्याला वांग्याच्या भरताच्या गोष्टी सांगत होतो, हे तिच्या मनात आलं असावं. कारण तिनं हॅन्डल घट्ट धरलं होतं.

"आन् मी मघाशी तुमच्यासाठी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला वाटलं, एकच डोळा अधू हाय, नोकरी तर राहील. आईच्या देखत बोलले मी."

रणजीत खाली उतरला. त्याला तिच्यापुढं यायचं होतं, पण तो मागच्या चाकाजवळच उभा राहिला.

"परवा गणराज माझ्या गाडीखाली येता येता वाचला," तो म्हणाला. "हातभर राहिला. मला भ्या वाटलं, तरी दुसऱ्या दिवशी गेलोच."

तिनं गाडी बंद केली. हायवेचा आवाज एकदम मोठा झाला. ती रडत होती की नुसती नाक ओढत होती, हे त्याला दिसत नव्हतं आणि विचारवतही नव्हतं.

त्यानं खिशातून फोन काढला. उघडला, डोळ्याजवळ नेला, तिरका धरला. नावं सगळी त्या डागात जाऊन बसली होती. मग त्यानं फोन तिच्यापुढं केला.

"दादासाहेबांचं नाव काढ. आमच्या शिफ्टच्या साहेबांचं."

"आत्ता? सकाळी करा की. जेवत असतील ती लोकं."

"आत्ताच. सकाळी मी पुन्ना कामावर जाईन."

जयमालानं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. मग पदरानं हात पुसून फोन घेतला, नाव शोधलं, लावला आणि त्याच्या हातात परत दिला. पलीकडं रिंग वाजू लागली. त्यानं फोन कानाला धरला आणि मोकळ्या हातानं स्कूटरचं सीट घट्ट पकडलं.

"हां, बोल रणजीत," दादासाहेब म्हणाले.